हात मांडीखाली

मला राऊत पहिल्या दिवशी अजिबात आवडले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की माणूस गेल्यावर बाई गोडगोड लिहायला लागली. गेले म्हणजे आमच्या ऑफिसातून गेले. माणूस नंदाखालला आपल्या वाडीत ठणठणीत आहे, आणि हे त्यांनी यंत्राकडून वाचून घेतलं तर त्यात चार चुका नक्की काढतील.

आमचं ऑफिस वसईत, एका मेडिकलच्या दुकानाच्या वर. पतपेढ्या, शाळा, छोट्या संस्था यांच्या वेबसाइट बनवायच्या हा धंदा. मालक सावंत साहेब, आणि पानं रचण्याचं काम माझ्याकडे. मी मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर नायगावला चौदाव्या मजल्यावर येऊन पडले. सगळं बरं चाललं होतं. मग एका कामाच्या अटींत लिहून आलं की वेबसाइट अंध माणसालाही वापरता आली पाहिजे, आणि तसा तपासल्याचा दाखला सोबत जोडायचा. साहेबांनी चार ठिकाणी विचारलं आणि चारही ठिकाणांहून एकच नाव आलं, नरेश राऊत.

ते आले ते हातात घडीची काठी आणि खांद्याला कापडी पिशवी घेऊन. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, बाह्या बरोबर दोन घड्या वर. पिशवीतून केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी काढून टेबलावर ठेवली. "आमच्याच वाडीतली राजेळी केळी, घरी वाळवलेली," एवढं बोलून लगेच कामाला लागले. साहेबांनी मोठ्या अभिमानाने आमची स्वतःचीच वेबसाइट उघडून दिली. राऊतांच्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारी सोय. आम्हाला कळावं म्हणून त्यांनी त्याचा वेग कमी केला. यंत्र म्हणालं, "बटण. बटण. चित्र. लिंक. चित्र. बटण." असं बराच वेळ चाललं.

राऊत थांबले. "साहेब, तुमच्या दुकानाला सोळा दारं आहेत," ते म्हणाले. "पाटी एकावरही नाही. आत काय विकता?"

ते पान मी केलं होतं. दोन आठवडे खपून केलं होतं. साहेब हसले, मी हसले नाही. सुकेळ्यांनाही त्या दिवशी हात लावला नाही, आणि ते नुकसान माझंच झालं हे पुढे कळलं.

साहेबांनी राऊतांना आमच्याकडेच नोकरीला ठेवून घेतलं. ते एकटे काम करत तेव्हा त्यांचं यंत्र इतक्या वेगाने बोलायचं की शिलाई मशीन चालल्यासारखं वाटे. आम्हाला एक अक्षर कळत नसे. नवे लोक कौतुकाने भोवती गोळा व्हायचे. ते म्हणत, "हळू ऐकलं की मला झोप येते." त्यातच आईचा फोन आला की घरच्या बोलीत बोलणं सुरू. वाडवळांची ती बोली मला निम्मीही उमगायची नाही, पण विषय बहुधा केळी, पाणी आणि जेवलास का हाच असावा. बोलत असताना बोटं कीबोर्डवर चालूच असायची.

अंध माणूस म्हटला की त्याला पावलांवरून माणूस ओळखता येतो, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आमच्याकडे येणारा जाणारा हटकून त्यांच्यासमोर गुपचूप उभा राहायचा आणि विचारायचा, ओळखा पाहू. राऊत ठरवून चुकीचं नाव घ्यायचे. मला एकदा "या सावंत साहेब" म्हणाले. मी चिडले तर म्हणतात, "मॅडम, मी काय सर्कशीत आहे का? आलात तर नाव सांगा, बसा." त्या दिवसापासून मी खोलीत शिरताना "जाधव" असं म्हणूनच शिरायला लागले. आता घरीसुद्धा म्हणते, मुलगी हसते.

त्यांची दृष्टी कशी गेली, कधी गेली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्यात भांडायला दुसरे विषय भरपूर होते.

त्यातला मोठा विषय चित्रांचा. पानावर चित्र टाकलं की त्यात काय आहे ते शब्दांत लिहून ठेवायचं असतं, म्हणजे यंत्र ते वाचून दाखवतं. मी घाईत असायची. अर्नाळ्याकडच्या एका राहण्या-जेवण्याच्या ठिकाणाची वेबसाइट होती, तिच्यात एका फोटोखाली मी लिहून दिलं, "सुंदर निसर्ग". राऊतांनी मला बोलावलं.

"सुंदर आहे का नाही ते मी ठरवीन. तुम्ही काय आहे ते सांगा."

"केळीची बाग आहे."

"केळ कुठली? वेलची की राजेळी? घड आलाय का? पानं फाटलीत का?"

मी म्हटलं, एवढं कोण वाचणार? ते म्हणाले, "तुम्ही फोटो बघता तेव्हा फाटलेली पानं दिसतात ना तुम्हाला? मग मी का नाही बघायची?" मी पुन्हा जाऊन बघितलं. पानं फाटलेली होती, वाऱ्याने कंगव्यासारखी झालेली. एका झाडाला घड होता आणि त्याला बांबूचा टेकू दिलेला होता. तो फोटो मी निदान वीस वेळा हाताळला होता आणि टेकू पहिल्यांदा दिसला. हे मी त्यांना कबूल केलं नाही. नुसतं लिहून दिलं. त्यांनी ऐकलं आणि अहवालाच्या शेवटी त्यांचे ते दोन शब्द टाकले.

त्या दोन शब्दांबद्दल सांगायला हवं. पान तपासून झालं की आपला अहवाल ते नेहमी एकाच तऱ्हेने संपवायचे, "ऐकलं. चालतं." खाली सही. पुढे पुढे आमच्या गिऱ्हाइकांनाही ते दोन शब्द माहीत झाले. एका पतपेढीचे चेअरमन फोनवर विचारायचे, "राऊतांचं चालतं आलं का?"

पण राऊतांची खरी ओळख म्हणजे बुधवार. दर बुधवारी जेवण झालं की ते कुणातरी नव्या माणसाला घेऊन यायचे. रविवारी ते आगाशीला अंध मुलामाणसांना कॉम्प्युटर शिकवत, त्यातलंच कुणी असायचं. कधी निवृत्त पोस्टमन, कधी कॉलेजची मुलगी. त्या माणसाने आमचं नवं पान पहिल्यांदाच वापरायचं. आणि ज्याने ते पान बनवलं त्याने शेजारच्या खुर्चीवर बसायचं, तोंड बंद, दोन्ही हात मांडीखाली.

हात मांडीखाली म्हणजे अक्षरशः मांडीखाली. शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मी पहिल्या बुधवारी विचारलं, हे काय नाटक? "हात मोकळे असले की ते मदत करतात," राऊत म्हणाले. "तुम्ही मदत केलीत की इथलं काम होतं. घरी तो एकटा असतो, तिथे कोण येणार आहे?"

हे बोलायला सोपं आहे. समोरचा माणूस बटणाच्या एक पाऊल अलीकडे येऊन परत फिरतो, पुन्हा येतो, पुन्हा फिरतो, आणि आपण मुकाट बसायचं. माझ्या तर मानेला घाम यायचा. ते पतपेढीचे चेअरमन एकदा हौसेने बघायला आले, त्यांनाही राऊतांनी बसवलं. अंगठ्यांसकट हात मांडीखाली घालून ते पाऊण तास बसले. उठताना म्हणाले, "आमच्या वार्षिक सभेपेक्षा कठीण आहे हे." पण त्यांच्या पतपेढीचं पान त्यानंतर सगळ्यात नीट झालं, हेही खरं.

नव्या माणसाने वापरल्याशिवाय पान पास करायचं नाही, हा नियम राऊतांनी फक्त एकदा मोडला.

जूनमधली गोष्ट. विशेष मुलांना शिकवण्याचा दोन वर्षांचा कोर्स चालवणारी एक संस्था आमची गिऱ्हाईक होती. तिचा प्रवेश अर्ज आम्ही केला होता. मागे लागून लागून राऊतांनी तो निदान पंधरा वेळा ऐकला होता, प्रत्येक वेळी काही ना काही सुधारायला लावलं होतं. शेवटच्या आठवड्यात आम्ही त्यात शेवटचा फेरबदल केला, सूचनांची मांडणी बदलली. सोमवारी प्रवेश सुरू होणार, बुधवारसाठी वेळ नव्हता. सावंत साहेब म्हणाले, राऊत, तुम्हीच ऐकून टाका ना. राऊतांनी ऐकलं. "ऐकलं. चालतं." सही.

त्यांच्या रविवारच्या वर्गात अश्विनी नावाची मुलगी होती, विरार पूर्वेची, जन्मापासून अंध. बारावी झालेली. तिला हाच कोर्स हवा होता. वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं, यंदा नंबर लागला तर शिक, नाही तर घरी बस, रोज ने-आण करून शोधाशोध करायला माझ्याकडे रजा नाहीत. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. वर्गात राऊत सगळ्यांना एकच सांगायचे, आपला फॉर्म आपण भरायचा, शेजारच्याच्या हातात द्यायचा नाही. अश्विनीने तसंच केलं. घरी बसून, एकटीने, सगळा अर्ज भरला.

यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. नाकारलेल्यांतही नव्हतं. अर्ज आलाच नव्हता.

सावंत साहेबांनी नोंदी काढल्या. कागदपत्रं चढवल्यावर "खात्री करा" असं एक शेवटचं बटण होतं. अश्विनीने ते दाबलेलंच नव्हतं. "म्हणजे चूक मुलीची आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं.

"ते बटण दाबायचंय हे तिला कुणी सांगितलं?" राऊतांनी विचारलं.

"पडद्यावर लाल अक्षरांत येतं की," मी म्हटलं, आणि म्हणताना जीभ चावली. लाल अक्षरं पडद्यावर येत होती. यंत्र मात्र काहीच बोलत नव्हतं.

"मग मी कसं काय पास केलं?" राऊत म्हणाले. हे ते मला विचारत नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं. "मी पुन्हा भरतो. तुम्ही पडदा बघू नका, माझी बोटं बघा."

मी बघितलं. ते भरत गेले, कागद चढवले, आणि यंत्र काही बोलेल की नाही याची वाटही न बघता त्यांच्या बोटांनी पुढच्या जागी नेणारी कळ दोनदा आणि मग एंटर दाबलं. अर्ज गेला. पंधरा वेळा ऐकून ते पान त्यांच्या बोटांना पाठ झालं होतं. यंत्र गप्प आहे हे कळायला ते तिथे थांबलेच नव्हते.

हे सांगायची पाळी माझ्यावर आली. एवढी वर्षं त्यांनी माझ्या चुका काढल्या, एकदा तरी त्यांची सापडावी असं मला कितीदा वाटलं होतं. सापडली तेव्हा काही गोड वाटलं नाही. "राऊत," मी म्हटलं, "तुमची बोटं थांबतच नाहीत. मधे काही ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊकच नाही."

राऊतांनी संस्थेला पत्र लिहायला घेतलं. पान सदोष आहे, आपण दिलेला दाखला चुकीचा आहे, यंत्राने सांगितलं तेवढं सगळं मुलीने केलेलं आहे, तिला पुन्हा संधी द्या. शेवटी लिहिलं, "ऐकलं. चालत नाही." खाली सही.

सावंत साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. "राऊत, हे गेलं तर ही संस्था जाईल, आणि तुमच्या जुन्या सगळ्या दाखल्यांबद्दल लोक विचारतील."

"विचारू देत. विचारायलाच पाहिजे."

"नोंदी आपल्या बाजूने आहेत हो."

"साहेब, तिचं वर्ष जाईल. वर्ष म्हणजे काय, वडील पुन्हा पाठवणारच नाहीत." राऊतांचा आवाज एरवीसारखाच होता. "आणि या पत्राबरोबर माझा राजीनामाही ठेवा. मी एकच पान इतकं ऐकलं की बहिरा झालो. इथे दर वेळी नवा माणूस लागतो, हे मीच तुम्हाला शिकवत होतो."

पत्र गेलं. संस्थेने एक दिवस दिला. अश्विनीसाठी अर्ज दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत उघडा राहील, कागदावरचा चालणार नाही, कारण यादी कॉम्प्युटरमधूनच लागते. मी सकाळी लवकर येऊन पान दुरुस्त केलं. आता कागदपत्रं चढली की यंत्र स्पष्ट बोलायचं, "अर्ज अजून जमा झालेला नाही. खात्री करा हे बटण दाबा." राऊतांना म्हटलं, एकदा ऐकून घ्या. ते नाही म्हणाले.

तीन वाजता अश्विनी वडिलांबरोबर आली. वडील बाहेरच्या बाकावर बसले. ती लॅपटॉपपुढे बसली, एका बाजूला राऊत, दुसऱ्या बाजूला मी. आम्ही दोघांनी हात मांडीखाली घातले. बुधवार नव्हता, पण काही सांगावं लागलं नाही.

ती शांतपणे भरत गेली. सव्वाचारला शेवटचा कागद चढला. यंत्र बोललं, अर्ज अजून जमा झालेला नाही, खात्री करा हे बटण दाबा. मी मनात म्हटलं, झालं. अश्विनीने पुढची कळ दाबली. "संपर्क." पुन्हा दाबली. "पत्ता." "पानाच्या सुरुवातीला जा." पान संपलं. बटण नाही. ती मागे त्या सूचनेपर्यंत आली आणि पुन्हा तिथून खाली गेली. पुन्हा संपर्क, पुन्हा पत्ता.

बटण मी सूचनेच्या वर ठेवलं होतं. उजवीकडे कोपऱ्यात, निळं, तिथे ते छान दिसत होतं. ऐकणारा माणूस सूचना ऐकून खाली शोधणार, हे मला इतक्या बुधवारांनंतर सुचू नये?

साडेचार झाले. साहेब दारात येऊन उभे राहिले. बाहेरून वडिलांनी विचारलं, "झालं का?"

"राऊत, मी सांगते तिला," मी म्हटलं. "बटण आहे, चूक माझी आहे, पान मी नंतर सुधारते."

"तिला विचारा."

"हे काय बोलणं झालं? पोरीचं आयुष्य आहे." मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता.

राऊतांनी तिच्याकडे तोंड केलं. "अश्विनी, बटण आहे म्हणतात मॅडम. सांगू द्यायचं का?"

तिने कळांवरचा हात काढला नाही. "नको सर. आहे ना, मग सापडेल. अजून वेळ आहे."

ती पुन्हा खाली गेली. मी राऊतांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. पान त्यांनी ऐकलं नव्हतं, पण खाली काय काय आहे ते आता तीनदा कानावर पडलं होतं, म्हणजे बटण वर असणार हे त्यांना कळायला कितीसा वेळ. त्यांच्या मांडीखालचं कापड हलत होतं. बोटं आतल्या आत मागची कळ दाबत होती. ओठ उघडले, मिटले. पावणेपाचला त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले. मला वाटलं, मोडला नियम, बरं झालं. त्यांनी दोन्ही तर्जन्या दोन्ही कानांत घातल्या, घट्ट, आणि भिंतीकडे तोंड फिरवून बसले.

अश्विनीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने एक मोठा श्वास घेतला आणि पानाच्या अगदी सुरुवातीला गेली. या वेळी एकही ओळ न सोडता, एकेक करून, खाली येऊ लागली. नाव. पत्ता. गुण. प्रमाणपत्र. यंत्र म्हणालं, "खात्री करा, बटण." तिने एंटर दाबलं.

"अर्ज जमा झाला," यंत्र म्हणालं.

पाचाला सात मिनिटं होती. साहेब दाराच्या चौकटीला टेकले. वडील आत आले होते, ते तिथेच खाली बसले. सगळ्यांनी ऐकलं होतं, राऊत सोडून. ते भिंतीकडे तोंड करून, कानांत बोटं घालून तसेच बसले होते, आणि त्यांना सांगायचं हे आम्हाला कुणालाच सुचलं नाही. अश्विनीने हात लांब करून चाचपडत त्यांचं कोपर शोधलं आणि एक हात कानावरून खाली ओढला.

"सर, आता ऐका," ती म्हणाली, आणि तिने यंत्राला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"ऐकलं," राऊत म्हणाले. पुढचा शब्द म्हणाले नाहीत. मग माझ्याकडे वळले. "जाधव मॅडम, ते बटण आधी खाली घ्या."

माझे हात अजून मांडीखालीच होते. बाहेर काढले तेव्हा दोन्हींना मुंग्या आल्या होत्या, आणि तशाच हातांनी मी ते बटण खाली घेतलं.